चांगले कोलेस्टेरॉल, नॅनो विज्ञान आणि पाचवे शील

भिवंडीला लागून असलेल्या शेलार गावी वर्षावासानिमित्त ग्रंथवाचनाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. वंदना झाली, वाचन झाले, चहा झाला. मंडळी उठू लागली तेव्हा एक भगिनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून आमच्यापाशी आल्या. म्हणाल्या, "दादा, ह्यांचा रक्ताचा रिपोर्ट आहे. जरा बघता का?"

त्यांचे मालक यंत्रमागावर कामाला. वय चव्वेचाळीस. बारा तासांची रात्रपाळी आणि मजुरी मीटरवर. एके रात्री छाती भरून आल्यासारखे वाटले म्हणून डॉक्टरांकडे नेले. छातीचा आलेख ठीक निघाला, पण रक्ताच्या अहवालात दोन आकड्यांखाली डॉक्टरांनी रेघ मारली होती. एच.डी.एल. कोलेस्टेरॉल ३१ आणि ट्रायग्लिसराइड २४०. गोळ्या दिल्या, खाण्यापिण्याचे पथ्य सांगितले आणि तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितले.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर त्या बाई आमच्याकडे आल्या नसत्या. कारखान्यात कोणीतरी मालकांना सांगितले, "अरे, एच.डी.एल. म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल. तुझे ते कमी आहे. रोज रात्री एक पेग घेत जा, आपोआप वाढेल. मोठमोठे डॉक्टरसुद्धा घेतात." या माणसाने सहा वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षाभूमीवर पंचशील ग्रहण करून दारू सोडली होती. घरात शांतता आली होती, मुलांच्या शिक्षणाला पैसा उरू लागला होता. आता औषध म्हणून बाटली पुन्हा घरात आली.

"दादा, औषध म्हणून घेतली तर शील मोडत नाही, असे ते म्हणतात. खरे काय समजायचे?" त्यांनी विचारले.

शील मोडते की नाही हे सांगणे सोपे होते. पण ते औषध आहे की नाही, हे अभ्यास केल्याशिवाय सांगणे बरे नव्हे. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा कोणी मोठा माणूस म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो नियम पेगला लागू आहे तसा आम्हालाही लागू आहे. म्हणून आम्ही त्या भगिनींकडून मुदत मागून घेतली. जाणत्या डॉक्टरांना विचारले, या विषयावरचे संशोधन वाचले. त्यांच्याच संमतीने, नाव न देता, ते उत्तर आता सर्व वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा प्रश्न एका घराचा नाही.

टेम्पो आणि माल

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. तो विष नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण, काही संप्रेरके आणि पचनाला लागणारे पित्त यांसाठी तो हवाच असतो. त्याचा बराचसा भाग आपले यकृतच तयार करते. अडचण अशी की तेल जसे पाण्यात मिसळत नाही, तसे कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. त्याला रक्तातून फिरायचे तर वाहन लागते.

भिवंडीच्या माणसाला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. आपल्या चारही बाजूंना गोदामे आहेत आणि माल भरलेले टेम्पो रात्रंदिवस ये-जा करीत असतात. शरीरातही असेच टेम्पो आहेत. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांचे मिळून बनलेले ते अतिसूक्ष्म कण असतात. एल.डी.एल. नावाचे कण कोलेस्टेरॉलचा माल पेशींपर्यंत नेतात. असे कण रक्तात फार झाले की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून अडकतात, तिथे थर साचतो, वाट अरुंद होते. तो थर एखाद्या दिवशी फुटला की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो. एच.डी.एल. नावाचे कण उलट दिशेने काम करतात. भिंतीत साचलेला जादा माल उचलायचा आणि यकृताकडे परत न्यायचा, हे त्यांचे काम. तिथून तो पित्तावाटे बाहेर पडतो. म्हणून एल.डी.एल.ला लोक 'वाईट' आणि एच.डी.एल.ला 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतात.

आता अहवालातला आकडा बघा. पुरुषांमध्ये ४० पेक्षा कमी आणि स्त्रियांमध्ये ५० पेक्षा कमी एच.डी.एल. हे कमी समजले जाते. पण हा आकडा नेमका कशाचा? शंभर मिलिलिटर रक्तातील सगळ्या एच.डी.एल. टेम्पोंमध्ये मिळून किती मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलचा माल भरलेला आहे, त्याचा. टेम्पो किती आहेत, लहान आहेत की मोठे, चालू आहेत की बंद पडलेले, दिवसात किती खेपा मारतात, यातले काहीच त्या आकड्यातून कळत नाही. एखादा टेम्पो माल भरून आठ दिवस नाक्यावर उभा असेल तर मोजणारा म्हणेल, माल भरपूर आहे. काम मात्र शून्य. पेगचा सल्ला देणाऱ्याची चूक इथेच होते.

कापसाच्या तंतूपेक्षा बारीक

टेम्पो चालतो की नाही हे बघायचे तर तो दिसला पाहिजे. इथे नॅनो विज्ञानाचा संबंध येतो. 'नॅनो' म्हटले की आपल्याला २००८ साली टाटांनी दाखवलेली छोटी मोटार आठवते. शास्त्रात नॅनो म्हणजे अब्जांश. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

एच.डी.एल.चा कण साधारण ७ ते १२ नॅनोमीटरचा असतो. मागावर काम करणाऱ्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाचा जो तूस बसतो, त्यातला एकच तंतू घ्या. त्याची रुंदी सुमारे १५ हजार नॅनोमीटर. म्हणजे एका तंतूच्या रुंदीत एच.डी.एल.चे जवळजवळ दीड हजार कण एकाशेजारी एक मांडता येतील. शाळेतल्या किंवा दवाखान्यातल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून हे दिसणे शक्य नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरणारे सूक्ष्मदर्शक वापरतात. दुसऱ्या एका यंत्रात अतिशय अणकुचीदार सुईचे टोक कणांवरून हळुवार फिरवतात आणि त्यांचा उंचसखलपणा टिपतात. अनुभवी विणकर कापडावरून बोट फिरवून गाठ कुठे आहे ते सांगतो, तसाच हा प्रकार समजा. कणांचे आकार आणि संख्या चुंबकीय पद्धतीनेही मोजता येतात.

अशा पद्धतींनी पाहिल्यावर दिसले की एच.डी.एल. हा एकच पदार्थ नाही. काही कण चपटे, चकतीसारखे असतात. ते नुकतेच कामाला निघालेले रिकामे टेम्पो. काही माल भरून गोल झालेले असतात. प्रत्येक कणाभोवती 'ए-वन' नावाच्या प्रथिनाचा पट्टा असतो आणि त्याशिवाय या कणांवर ऐंशीहून जास्त प्रकारची प्रथिने सापडली आहेत. काही सूज आवरतात, तर काही एल.डी.एल.ला खराब होण्यापासून वाचवतात. शरीरात दीर्घकाळ सूज असेल, साखर वाढलेली असेल, माणूस धूम्रपान करीत असेल, तर हीच प्रथिने बिघडतात. कण रक्तात असतो, अहवालात मोजलाही जातो, पण काम करीत नाही.

आकड्याने मोठमोठ्यांना चकवले

आमच्या शेलारच्या बंधूला आकड्याने चकवले यात त्याला हसण्यासारखे काही नाही. जगातल्या बड्या औषध कंपन्यांनाही त्याने चकवले आहे. अमेरिकेतील फायझर कंपनीने टॉर्सेट्रॅपिब नावाचे औषध तयार केले होते. पंधरा हजारांवर रुग्णांवर त्याची चाचणी झाली. एच.डी.एल.चा आकडा सत्तर टक्क्यांहून जास्त वाढला. पण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी होण्याऐवजी जास्त झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. पुढे एच.डी.एल.चे मुख्य प्रथिनच शिरेतून देण्याचा प्रयोग झाला. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अठरा हजारांवर रुग्णांवरील त्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये जाहीर झाले. तीन महिन्यांत झटके आणि मृत्यू यांत ठोस फरक पडल्याचे दिसले नाही.

याच्या उलट उदाहरण एका खेड्याचे आहे. इटलीच्या उत्तरेला गार्डा सरोवराच्या काठी लिमोने नावाचे गाव आहे. तिथला रेल्वेत काम करणारा एक माणूस १९७० च्या दशकात तपासणीसाठी मिलान शहरात गेला. त्याचे एच.डी.एल. इतके कमी की डॉक्टर चकित झाले. पण रक्तवाहिन्या चांगल्या होत्या. मग डॉक्टरांनी सबंध गावाचे रक्त तपासले. चाळीसेक लोकांत तोच प्रकार आढळला. अठराव्या शतकातील एकाच दांपत्यापासून तो आनुवंशिक फरक आलेला होता. त्यांच्या ए-वन प्रथिनात एक बारीकसा बदल होता. आकडा कमी असूनही या लोकांना हृदयविकाराचा त्रास वाढलेला नव्हता. त्या प्रथिनाची नक्कल करून औषध बनवण्याचेही प्रयत्न झाले. २००३ मध्ये आशा दिसली, २०१६ च्या चाचणीत ती टिकली नाही. शरीराने जन्मभर केलेले काम काही आठवड्यांच्या इंजेक्शनात बसत नाही, एवढे त्यातून कळले.

मग मोजायचे काय? अमेरिकेतील डॅलस शहरात सुमारे तीन हजार लोकांचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी प्रत्येकाचे एच.डी.एल. प्रयोगशाळेतील पेशींवर घालून ते पेशींतून किती कोलेस्टेरॉल बाहेर काढते ते मोजले. म्हणजे उभा माल न मोजता टेम्पोच्या खेपा मोजल्या. ज्यांच्या एच.डी.एल.ची ही क्षमता चांगली, त्यांना पुढच्या वर्षांत झटके खूपच कमी आले.

ही तपासणी अजून संशोधनापुरतीच आहे. भिवंडीत काय, मुंबईतही नेहमीच्या तपासणीत ती होत नाही. म्हणून कोणी 'नॅनो' शब्द छापलेली पावडर किंवा थेंब घेऊन दारात आला आणि चांगले कोलेस्टेरॉल वाढवून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या पैशात महिन्याची डाळ येते.

आपल्याकडे एवढे कमी का?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा पहिला टप्पा महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथे झाला. त्यातील कोलेस्टेरॉलविषयीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईचे डॉ. शशांक जोशी त्या निबंधाचे पहिले लेखक आहेत. त्यात शहरी आणि ग्रामीण मिळून ७२.३ टक्के लोकांचे एच.डी.एल. कमी निघाले. दहांतल्या सात जणांचे! २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात भारतीय पुरुषांचे एच.डी.एल. गोऱ्या पुरुषांशी ताडून पाहिले, तेव्हा भारतीयांमध्ये मोठ्या आकाराचे कण कमी आढळले.

याला आनुवंशिकतेचा भाग आहे, पण ताटाचाही आहे. भात, पांढरा पाव, मैदा, साखर यांचा भार फार झाला की यकृत ट्रायग्लिसराइड नावाची चरबी जास्त तयार करते. रक्तात ही चरबी वाढली की ती एच.डी.एल.च्या टेम्पोत शिरते आणि कोलेस्टेरॉलला बाहेर ढकलते. असा चरबी भरलेला कण मग छाटला जाऊन लहान होतो आणि मूत्रपिंडावाटे लवकर नष्ट होतो. शेलारच्या अहवालात ट्रायग्लिसराइड २४० आणि एच.डी.एल. ३१ हे एकत्र आले, तो योगायोग नव्हता. त्याच अनुसंधान परिषदेच्या पाहणीवर आधारलेला आणखी एक निबंध २०२५ मध्ये आला. भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असे त्यात म्हटले आहे. गरिबाच्या ताटात भात-भाकरी जास्त आणि डाळ पातळ असते, ही काही आवडीची गोष्ट नाही. ती मजुरीची गोष्ट आहे, हे आम्ही विसरत नाही. पण त्याच मजुरीत थोडी अदलाबदल करता येते.

ही काळजी आपण का घ्यायची, हे सांगताना एक आठवण करून द्यावीशी वाटते. बाबासाहेबांना मधुमेहाने गाठले होते. १९४८ पासून तर त्यांची प्रकृती सारखी ढासळत गेली. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्यांनी औषधपाणी आणि पथ्य सांभाळले. तरी दीक्षेनंतर दोन महिनेही झाले नव्हते तोच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या पासष्टाव्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. समाजाने त्या दिवशी काय गमावले हे सांगायला नको. आपल्या घरातला कमावता माणूस पन्नाशीच्या आत गेला तर त्या घरापुरता तोही तसाच आघात असतो.

ताटाने काय होते?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत अँजेला झिव्कोविच या संशोधिका नेमका हाच अभ्यास करतात. खाण्यामुळे एच.डी.एल.चे कण कसे बदलतात, हे त्या नॅनो विज्ञानाच्या साधनांनी बघतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका लहान प्रयोगात काही निरोगी माणसांना चार दिवस बाजारी झटपट खाणे दिले आणि चार दिवस भाज्या, कडधान्ये, मासे असा भूमध्य सागराकाठचा आहार दिला. केवळ चार दिवसांत एच.डी.एल.मधील स्निग्ध घटकांची घडण बदललेली दिसली. प्रयोग लहान असला तरी त्याचा अर्थ मोठा आहे. हे कण सतत नव्याने बनत असतात आणि आपण काय खातो त्याची नोंद त्यांच्यावर लगेच होते.

स्पेनमधील मोठ्या आहार-चाचणीतील २९६ जणांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर असा आहार घेतल्यावर एच.डी.एल.ची माल उचलण्याची क्षमता सुधारल्याचे त्यात दिसले. ऑलिव्हचे शुद्ध तेल भरपूर घेणाऱ्या गटात तर इतरही सुधारणा दिसल्या. कोणी लगेच ऑलिव्ह तेलाची बाटली शोधायला जाऊ नये. ते तेल तिथल्या शेतकऱ्याचे, म्हणून तिथल्या ताटात. आपल्या ताटासाठी त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे: भाज्या, डाळी, दाणे, मासे वाढवायचे, मैदा, साखर, तळण कमी करायचे.

आणि हे ताट आपल्याला परके नाही. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून आपली कुटुंबे भिवंडीला आली ती ज्वारी-बाजरीची भाकरी, जवसाची चटणी, हुलगे, रानभाज्या आणि सुकट यांची चव घेऊनच आली. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या लोकांच्या खाण्याचा इतिहास लिहिला आहे. ते अन्न हलाखीचे होते, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्यातले जे चांगले होते तेही गरिबीची खूण समजून आपण टाकून दिले आणि पाव-बटर, खारी, वडापाव जवळ केले.

आमच्या वाचक भगिनींसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही गोष्टी येथे देत आहोत.

भात बंद करू नका, निम्मा करा. उरलेल्या जागी घट्ट डाळ, चवळी, मटकी, वाल किंवा हरभऱ्याची उसळ वाढा. एका वेळेला ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी ठेवा.

मासे जमतील तेव्हा स्वस्तातले घ्या. बांगडा आणि तारली यांत हृदयाला उपयोगी अशी स्निग्धता भरपूर असते आणि त्या पापलेटपेक्षा कितीतरी स्वस्त असतात. मासे तळू नका, कालवण करा. पावसाळ्यात सुकट, जवळा चालतो. मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी तो दोन-तीन पाण्यांत धुऊन मीठ काढून घ्यावे.

जवस, कारळे, शेंगदाणे, तीळ यांची चटणी रोज एक-दोन चमचे खावी. शाकाहारी घरांना जवस विशेष उपयोगी.

अंड्याचा बलक फेकून देण्याची पद्धत पडली आहे. झिव्कोविच यांच्याच गटाच्या २०१९ मधील प्रयोगात रजोनिवृत्तीनंतरच्या स्थूल स्त्रियांना पूर्ण अंडी दिल्यावर एच.डी.एल.ची माल उचलण्याची क्षमता वाढली, बलकाशिवायच्या अंड्याने तसे झाले नाही. तरी ज्यांना मधुमेह आहे किंवा एल.डी.एल. जास्त आहे त्यांनी किती अंडी खावीत, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

वनस्पती तुपापासून सावध राहा. अशा गोठवलेल्या तेलातील ट्रान्स फॅट नावाची चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते, असा दुहेरी तोटा १९९० मध्येच डच संशोधकांनी दाखवून दिला. आपल्या सरकारने तेल-तुपातील तिचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर मर्यादित केले आहे. पण कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा उकळले तर ते खराब होतेच. काळ्या पडलेल्या तेलातला वडा मुलांना देऊ नका आणि घरातही तळणीचे तेल जपून ठेवून परत तळू नका.

बिडी-सिगारेटने एच.डी.एल. घटते आणि सोडल्यावर ते सुधारते. तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी हृदयाचे आणि तोंडाचे नुकसान होतेच. मिश्रीची गोष्ट भगिनींनी मनावर घ्यावी. रोज अर्धा तास भराभर चालणे एच.डी.एल.ला पोषक आहे. मागासमोर बारा तास उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

एवढे सगळे बाईनेच करायचे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. घरातली बाई दळण, पाणी, मुले आणि वर मजुरी सांभाळते. उसळ भिजत घालायला आणि भाजी निवडायला पुरुषाचे हात झिजत नाहीत.

औषध की मद्य?

आता त्या भगिनींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. दारूने एच.डी.एल.चा आकडा वाढतो का? होय, थोडा वाढतो. ते नाकारणे खोटेपणाचे होईल. पण आकडा वाढवून जीव वाचत नाही, हे टॉर्सेट्रॅपिबने दाखवले. एच.डी.एल. अतिशय जास्त असणाऱ्यांमध्येही मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसते, असे २०१७ मधील डेन्मार्कच्या अभ्यासात आढळले. त्याच दारूने ट्रायग्लिसराइड वाढते, रक्तदाब वाढतो, यकृत बिघडते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. ज्या माणसाचे ट्रायग्लिसराइड आधीच २४० आहे, त्याने आगीवर घासलेट ओतण्याचाच हा प्रकार. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. आणि ज्याने एकदा मोठ्या कष्टाने सोडली, त्याचा एक पेग एकावर राहत नाही. हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, आपल्या वस्त्यांना ते पाठ आहे.

पाचवे शील आणि आजचे विज्ञान येथे एकाच बाजूला उभे आहेत. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. आहार सुधारला म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मुख्यतः एल.डी.एल. कमी करतात आणि झटका टाळण्यात त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. तिशी ओलांडलेल्यांनी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. छातीत दुखून घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

त्रिपिटकात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. तो द्रोणभर भात खाई आणि जेवण झाले की धापा टाकीत बसे. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही, नवस सांगितला नाही की जडीबुटी दिली नाही. जेवणाचे प्रमाण जाणण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला नेमले की मी जेवायला बसलो म्हणजे याची आठवण करून दे. हळूहळू राजाचा आहार बेताचा झाला आणि शरीर हलके झाले. आपल्याकडे आठवण करून द्यायला नोकर नाहीत, पण घरातली माणसे आहेत.

वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमाला आम्ही पुन्हा शेलारला गेलो. या वेळी ते बंधू स्वतः आले होते. बाटली बंद झाली होती. गोळ्या चालू होत्या. रात्रपाळीला खारी-चहाऐवजी डब्यात भाकरी आणि उसळ जात होती. त्यांनी नवा अहवाल पुढे केला. ट्रायग्लिसराइड २४० वरून १६८ वर आले होते. एच.डी.एल. मात्र ३१ चे ३४ झाले होते.

"दादा, एवढे करून तीनच वाढले," ते जरा खट्टू होऊन म्हणाले.

आम्ही त्यांना टेम्पोची गोष्ट सांगितली. नाक्यावर उभ्या मालाचा हिशेब सोडा, खेपांचा धरा. ते हसले. मागाच्या खात्यात किती माणसे उभी आहेत यावर मालक पगार देत नाही, किती मीटर कापड निघाले ते बघतो, हे त्यांना आम्ही सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या पत्नी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी अहवालाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "चला, वंदनेची वेळ झाली."

जयभीम.